घराचं बूच

ये गो बाय, अशी जवळ ये. पुण्यात बसली असलीस तरी जवळ ये, कान धरायचा आहे तुझा. दिवाळीला तोंड दाखवून गेलीस, त्याला सहा महिने झाले. आणि परवा फोन केलास तो कशासाठी? तर म्हणे, आजी, तुमच्या डोंगरातल्या लाकडी घराचं ड्रॉइंग पाठव, कॉलेजात दाखवायचं आहे. गुडघा कसा आहे, आजा जेवतो का, काही विचारलं नाहीस. नुसतं ड्रॉइंग. बरं, रागावून झालं माझं. आता ऐक.

ड्रॉइंग नाही. कधी नव्हतंच. घर कसं झालं ते लिहून पाठवते, त्यातून तुझं तू काढ. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन पनवेलच्या बाजारात म्हावरं विकताना झालं, गिऱ्हाईक नसलं की पुड्या बांधायचे कागद वाचायचे. त्यामुळे जशी बोलते तशीच लिहीन. तुझ्या सरांना चुका दिसल्या तर म्हणावं, म्हातारी हाय.

आधी घर कुणासाठी बांधलं ते सांगते, नाहीतर सगळ्यांना वाटेल की आजीला डोंगर बघायची हौस. घर तुझ्या आज्यासाठी बांधलं. तू त्याला गॅलरीत खुर्चीवर बसलेलाच पाहिलास. मी पाहिला तो गव्हाणच्या खाडीवर, गुडघाभर चिखलात, हातात वाकस घेऊन होडीची फळी तासताना. आमच्या किनाऱ्यावर त्याच्या हातची होडी नाही असं घर नव्हतं. मग फायबरच्या होड्या आल्या. त्यांना सुतार लागत नाही, भोक पडलं तर वरून काहीतरी फासतात. मग खाडीत भराव पडला आणि होड्याच कमी झाल्या. आम्ही तुझ्या काकाकडे खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर आलो. घर चांगलं, लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. पण आज्याच्या हातांना तिथे काही काम नव्हतं.

एकदा पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढून त्याने वाकसाला तेल लावलं आणि मला विचारलं, घरात काही मोडलेलं आहे का. मी पोळपाट दिला. त्याचा एक पाय हलत होता. पाव तासात पाय घट्ट. दुसऱ्या दिवशी तो जेवून झोपला तेव्हा मीच तो पाय ठोकून सैल केला आणि संध्याकाळी पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. असं चार वेळा केलं. पाचव्या वेळी त्याने पोळपाट उलटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुरे आता." त्यानंतर तो बोलेनासाच झाला. चहा दे, लाइट लाव, एवढंच. डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही, कामात गुंतवा. सत्तरी ओलांडलेल्या होडीवाल्या सुताराला तिसऱ्या मजल्यावर कुठल्या कामात गुंतवायचा, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

तर नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला, तुझ्या काकाने एक तुकडा घेऊन ठेवला होता. उतारावरची जागा, आणि जिकडे तिकडे काळे कातळ, म्हशी पाण्यात बसल्यासारखे. मध्ये दोन ऐनाची झाडं आणि करवंदाची जाळी. काकाच्या मनात तिथे सिमेंटचा बंगला. एका रविवारी आम्हाला दाखवायला घेऊन गेला. जेसीबीवाला पण बोलावला होता. त्याने खाली उतरून कातळावर एक लाथ मारली आणि म्हणाला, महिना लागेल, आणि सुरुंग लावावे लागतील. काका बोट दाखवत होता, हा कातळ जाईल, हे झाड जाईल, इकडे भर घालू, तिकडे भिंत घालू. आजा बाजूला उभा. भर घालायची म्हटलं आणि त्याने मान फिरवली. मला कळलं. आमची खाडी भर घालूनच गेली ना.

मी त्या उताराकडे बघत होते. आमच्या किनाऱ्याला तरी कुठे सपाट जागा होती? चिखल, दगड, चढ. तरी दर पावसाळ्याला होड्या वर ओढायच्या आणि टेकू लावून उभ्या करायच्या. एक टेकू लांब, एक आखूड, होडी मात्र पाण्यासारखी समतोल. मी आज्याला म्हटलं, "चढावर होडी राहते उभी. मग घर का नाय राहायचं?"

तो उकिडवा बसला, गाल जमिनीला लागेपर्यंत वाकला आणि एक डोळा मिटून उतार बघायला लागला. होडीचा तळ बघायची त्याची हीच पद्धत. मग चालत चालत कातळांवर पाय आपटून बघितले, कुठला पक्का, कुठला डुगडुगतो. जेसीबीवाला निघून गेला तरी याचं चाललेलंच. शेवटी म्हणाला, "अकरा टेकू लागतील." किती महिन्यांनी त्याच्या तोंडून तीन शब्दांचं वाक्य आलं. परत येताना त्याने टपरीवर गाडी थांबवायला सांगितली आणि आम्हाला चहा पाजला. काकाने सिमेंटचा विषय काढला नाही. आहे तुझा काका शहाणा, कधीकधी.

आता तुझं ते ड्रॉइंग. होडीचं काम करणारे कागदावर काही काढत नाहीत. डोळ्यांनी बघायचं, विती-हातांनी मोजायचं. पण मला घर डोळ्यांपुढे येईना. मग मी जुन्या नऊवारी साड्या घेतल्या आणि बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांच्या भिंती अंथरल्या, खऱ्या मापाच्या. दाराच्या जागी साडी दुमडून ठेवली. आत पाट ठेवला, चूल समजून कुंडी ठेवली आणि दिवसभर त्या घरात वावरले. इथे बसले तर पाय कुठे येतात, इथून उठले तर डोकं कुठे लागेल. आजा प्रत्येक वेळी साडी वीतभर सरकवायचा, मी परत मागे ओढायची. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार ऐकून वर आले आणि हे काय चाललंय म्हणाले. आजा म्हणाला, घर बांधतोय, चपला बाहेर काढा. ते बिचारे चपला काढून साडीच्या दारातून आत आले, कुंडीशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, स्वयंपाकाला उजेड कमी पडेल, खिडकी मोठी करा. ती खिडकी आज आहे तिथे. एक खोली, एका कोपऱ्यात चूल, पुढे पडवी. तेवढंच घर.

लाकूड कुठून आणलं? फोनवर तू तीनदा सस्टेनेबल म्हणालीस. तुझ्या काकाने मला त्याचा अर्थ समजावला तेव्हा मी म्हटलं, एवढंच होय. आमच्यात त्याला शब्द नव्हता, लाकूड टाकायचं नाही एवढं ठाऊक होतं. आज्याच्या चुलतभावाची मोठी होडी गव्हाणला चिखलात पडून होती, सागाची, आज्यानेच बांधलेली. ती मोडून आणली. खांबांना आणि आढ्याला आमच्या जुन्या घराचे वासे आले. कौलं रोडपालीला एक घर पाडत होते तिथली. नवं झाड एकही तोडलं नाही. ऐनाची दोन्ही झाडं उभी आहेत, पडवी त्यांना वळसा घालून जाते.

होडीच्या फळ्या वाकलेल्या असतात. काका म्हणाला, रंधा मारून सरळ करा. आजा म्हणाला, चाळीस वर्षांची सवय आहे तिची, आता कशाला मोडायची. म्हणून आपल्या घराच्या भिंतींना पोट आहे. खिळे मारले नाहीत. खारं पाणी प्यायलेलं लाकूड खिळा खाऊन टाकतं, म्हणून सगळीकडे लाकडी खुंट्या. प्रत्येक टेकूखाली कातळालाच वाटीएवढा खळगा केला, त्यात टेकूचा पाय. आणि घराचं तोंड निमुळतं करून पश्चिमेला ठेवलं, होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्यावर धरतात तसं. समुद्राचा वारा पश्चिमेचा, हे आमचं जन्माचं शिक्षण.

वरच्या ठाकरवाडीतली एक बाई रोज मोळी घेऊन तिथून जायची. माझ्याच वयाची, दात माझ्यापेक्षा जास्त. मोळी टेकवून आमचं काम बघत बसायची. एकदा म्हणाली, इथला पाऊस पुढून येत नाय, दरीतून वर चढतो आणि कड्यावर आपटून मागून येतो, मागची बाजू बंद करा. आम्ही दोघं हसलो. पाऊस कधी खालून वर येतो का? आणि आम्हाला वाऱ्याचं शिकवते, जन्म पाण्यावर गेला आमचा. ती मोळी उचलून गेली.

आता माझी चूक सांगते. आजा जमिनीच्या फळ्या बसवत होता. मला म्हणाला, फटी राहू देऊ का, वारा खेळेल. मीच नको म्हटलं. जन्मभर होडीतलं पाणी उपसलं, घरातलं उपसलं, आता या घरात मला एक थेंब नको. मग काय, त्याला हवंच होतं. फटीफटीत कापूस ठासला, वर राळ आणि तेल ओतलं, आणि भिंतींनासुद्धा खालून दोन विती तसंच केलं. वास असा सुटला की मला वाटलं, आता भरती येईल.

आणि पुढे काय केलं ते तर कुणाला सांगू नकोस. सांग, तुझ्या सरांना सांग. आमच्यात नवी होडी पाण्यात घालायच्या आधी तिच्या आत पाणी ओततात. कुठे फट असेल तर बाहेरून थेंब दिसतो. तशी आम्ही घराची परीक्षा घेतली. ओढ्यावरून कळशांनी पाणी आणलं, ठाकरवाडीच्या बाया पण हसत हसत आणायला लागल्या, आणि खोलीत चार बोटं पाणी भरलं. आजा घराखाली टेकूंच्या मध्ये उताणा झोपला आणि वर बघत राहिला. अर्ध्या तासाने सरपटत बाहेर आला. "एक थेंब नाय," म्हणाला. त्याचं तोंड तेव्हा बघायला हवं होतंस. मग सगळ्यांनी मिळून पातेल्यांनी ते पाणी उपसून बाहेर टाकलं. इतकं पाणी उपसताना तरी दोघांपैकी एकाच्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं.

भांडीकुंडी वर नेऊन राहायला लागलो आणि पाऊस सुरू झाला. जुलैत आठवडाभर खांदा कॉलनीत राहून आम्ही परत वर गेलो. दार उघडलं तर उंबऱ्याच्या काठापर्यंत पाणी. गादी भिजून बसलेली, पातेली तरंगताहेत आणि मधोमध तो पोळपाट, होडीसारखा गोल फिरतोय. पाऊस मागून आला होता, ती ठाकरीण म्हणाली तसा. मागच्या खिडकीतून आत पडला आणि आत पडला तो राहिला. जाणार कुठून? एक थेंब नाय. पाण्याच्या ओझ्याने एक टेकू खळग्यातून सरकला होता आणि घर त्या अंगाला कललं होतं. ती बाई मागून आली, आत डोकावली, म्हणाली, "बाये, ह्ये घर हाय का हंडा?"

मला हसू आलं, बाय, खरं सांगते. मग आज्याकडे बघितलं आणि हसू गेलं. तो दारातच उभा होता. पाण्यात पाय पण घातला नाही. म्हणाला, "माजं काम संपलं."

पाणी आम्ही बायांनीच उपसलं. तुझा काका आला, त्याने सरकलेल्या टेकूशेजारी दगड रचले आणि सिमेंटबद्दल जे बोलायचं ते गाडीत बसल्यावर बोलला. आजा खुर्चीवर परत. दहा दिवस. चहासुद्धा मागेना. अकराव्या दिवशी त्याने पेटी पलंगाखालून ओढली आणि दाराशी नेऊन ठेवली. काकाला म्हणाला, फर्निचरच्या दुकानात कुणाला तरी दे, चांगली हत्यारं आहेत, गंजून जातील.

पोळपाट मोडून चालणार नव्हतं या वेळी. तेव्हा मी एक जुनी गोष्ट बाहेर काढली, जी आम्ही दोघांनी पन्नास वर्षांत एकदाही काढली नव्हती. तुझ्या बापालाही माहीत नाही.

मी नवी सून होते. होडी पावसाळ्यासाठी वर ओढली की तिच्या तळाचं बूच काढायचं असतं. पाण्यात असताना बूच घट्ट हवं, जमिनीवर ते काढलेलं हवं, म्हणजे पावसाचं पाणी साठत नाही. लहानसं काम, सासऱ्यांनी मला सांगितलं. मी विसरले. चार दिवस पाऊस लागला, होडी भरली, टेकू चिखलात रुतले आणि होडी आडवी झाली. एक फासळी मोडली. सासऱ्यांनी साऱ्या किनाऱ्यासमोर विचारलं, बूच कुणी नाही काढलं. मी पदर तोंडात धरून उभी. तुझा आजा म्हणाला, मी विसरलो. सुताराचा पोरगा आणि बूच विसरतो, म्हणून त्याला त्या दिवशी जे ऐकावं लागलं ते लिहीत नाही. घरी आल्यावर मला एका शब्दाने बोलला नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही.

तर मी गॅलरीत त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, "त्या वर्षी बूच कुणी नव्हतं काढलं?"

त्याने खाली रस्त्याकडे बघितलं. "मी," म्हणाला.

"खोटं. आणि या वर्षी फटी बुजवा कोण म्हणालं? ती पण मीच. दोन चुका झाल्या माज्या."

मग मीच म्हटलं, "बरं, ते जाऊ द्या. आपलं घर पाण्यात हाय का जमिनीवर?"

"जमिनीवर."

"मग तुमी बूच कुठं ठेवलंय त्याला?"

बाय, त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू चढताना मी बघितलं. जन्मभर दर जूनला केलेलं काम. टेकू आठवले, नाळ आठवली, पाणी ओतून बघायचं आठवलं, आणि बूच मात्र दोघं विसरलो. तो उठला, दाराशी गेला आणि पेटी उचलून परत आत आणली. जड होती. मी हात लावायला गेले तर नको म्हणाला.

पण सोपं नव्हतं हो. पाऊस जरा उघडल्यावर वर गेलो. आधी जॅक लावून टेकू खळग्यात बसवला. मग त्याने गिरमिट हातात घेतलं, फळीवर टेकवलं आणि थांबला. होडी बांधणाऱ्याने स्वतःच्या हातच्या तळाला, थेंब न गळणाऱ्या तळाला भोक पाडायचं. हात वळेना त्याचा. मी म्हटलं, द्या इकडे, चूक माझी आहे. आणि पहिलं भोक मी पाडलं. तिरपं गेलं. आजही तिरपं आहे, त्याचं बूच पण तिरपं करावं लागलं. ते बघवेना म्हणून पुढची दोन त्याने पाडली, अशी सरळ की आरपार खालचा दगड दिसतो. बुचं फणसाच्या लाकडाची, दोरीने भिंतीला बांधलेली, हरवू नयेत म्हणून. जून आला की काढायची, दिवाळीला लावायची. पाणी खाली पिंपात पडतं, त्यात मी भांडी घासते.

मागची बाजू त्या ठाकरणीने केली. तिने रानातल्या कारवीच्या काड्या आणून कुडाची भिंत विणली, आणि आज्याला शेजारी बसवून शिकवली. काय बोलायची त्याला. बोटं आहेत का खुंट्या, म्हणायची. तो मुकाट्याने उसवून परत विणायचा. त्याच्या आयुष्यात त्याला कुणी काम शिकवताना मी पहिल्यांदा बघितलं. आता वाडीतल्या कुणाचं दार लटकलं, नांगर मोडला, की इकडे येतात. पेटी वरच असते. खांदा कॉलनीत आम्ही औषधं आणायला तेवढे येतो. परवा त्याला पोळपाट करायला सांगितला, जुना भिजून फुगला म्हणून. तर म्हणतो, रांगेत आहेस, आधी वाडीची दोन दारं आहेत.

म्हणजे सगळं जमलं असं नाही. दमट हवेत लाकडातून मीठ बाहेर येतं, मिठाची बरणी ओली होते तशी भिंत ओली होते. एक खिडकी पावसाळ्यात उघडत नाही आणि उन्हाळ्यात लागत नाही. आणि चुलीच्या कोपऱ्यात अजून दोन बोटं पाणी साठतं. तिथे चौथं बूच लागणार. आज्याने होळीच्या आधी तिथे खडूने गोल काढून ठेवला आहे. मी म्हटलं, पाडा की मग. तर म्हणाला, "राहू दे. तिला घरं शिकायची हायत ना?" मी केर काढताना तो गोल पुसला जातो आणि तो परत काढतो. या महिन्यात तीनदा काढला. तुला फोन करून सांग असं म्हणत नाही, ओळखतेस ना त्याला. फक्त खडू खिडकीत ठेवला आहे.

तर बाय, ड्रॉइंग तुझं तू काढ, घरात उभी राहून काढ. नेऱ्यापर्यंत गाडी येते, तिथून काका आणायला येईल. गिरमिट जड आहे, आजा मागून धरेल, पण फिरवायचं तू. तिरपं गेलं तर जाऊ दे, माझ्या भोकाला सोबत होईल. पावसाला महिना राहिला आहे. त्याच्या आत ये, लवकर ये, नाहीतर नवा पोळपाटही तरंगेल.